फोन लागला की नेट जातं: दुकानात चालणारा मोबाइल वाडीत का अडतो?

देवगड तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मार्च उजाडला, आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात झाली की एक तक्रार हमखास येते: "दादा, फोन लागलो की नेट जाता." मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर असतं. ते म्हणतं, आंब्याचा फोटो टाका, क्यूआर टाका, बोलता बोलता पैसे पाठवतो. इकडे फोटोवरचं चक्र गोल गोल फिरत राहतं. फोन ठेवला की लगेच फोटो जातो, पण तोवर गिऱ्हाईकाने पुढच्या बागायतदाराला फोन लावलेला असतो. हंगाम अडीच-तीन महिन्यांचा, त्यात अशी गिऱ्हाइकं गेली की जीव तुटतो.

लोक "टॉवरचाच प्रॉब्लेम" म्हणून सोडून देतात. मीही पूर्वी तेच सांगायचो. आता सांगत नाही, कारण बहुतेक वेळा टॉवर चालू असतो, रेंजही दिसत असते, आणि दोष भलतीकडेच सापडतो.

घाई असेल तर आधी एवढंच करा. वायफाय बंद करा. मोबाइल डेटा चालू ठेवून कुणाला तरी फोन लावा आणि पलीकडच्याने उचलल्यावर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, रेंजच्या काड्यांशेजारी, काय लिहून येतं ते बघा. फोन लावण्याआधी ४जी होतं आणि बोलताना तिथे इंग्रजी ई किंवा जी आलं, तर तुमचा कॉल २जीवर गेला आहे. ४जी तसंच राहिलं आणि तरी नेट अडलं, तर गोष्ट वेगळी आहे. एच आलं तर तो कॉल ३जीवर आहे. ही एक खूण नीट बघितली की अर्धी शोधाशोध वाचते.

वायफाय बंद करायला मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, ते एका फोनमुळे. सड्याखालच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराखालच्या, वाडीतले एक बागायतदार काका गेल्या हंगामात तोच फोन घेऊन तीनदा माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा जहाजावर असतो, त्याने परदेशातून आणून दिलेला चांगला महागाचा फोन. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यासमोर फोन लावला, बोलता बोलता फोटो पाठवला, तो गेला. मी म्हटलं, काका, फोन ठीक आहे, तुमच्या वाडीत रेंज नाही. चार दिवसांनी परत. "झिला, तुझ्या दुकानात बरो चलता मरे, घराकडे न्हेलो की परत ताच." पुन्हा लावून बघितलं, पुन्हा चालला. ते निघाले, पायरी उतरताना त्यांचा फोन वाजला, आणि मला दिसलं की वरच्या पट्टीत वायफायची खूण आहे. मागे कधीतरी मीच त्यांना दुकानाच्या वायफायचा पासवर्ड घालून दिला होता. फोन आपणहून जोडला जायचा. म्हणजे दोन्ही वेळा फोटो माझ्या ब्रॉडबँडवरून गेला होता आणि मी काकांना वाडीत रेंज नाही असं सांगून परत पाठवलं होतं. वायफाय बंद करून लावल्यावर दुकानातही तेच झालं: ४जीचं ई झालं, फोटो थांबला.

आता हे २जीवर जाणं नेमकं काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय सेटिंगमध्ये बोटं फिरवून उपयोग नाही.

४जीची रचना मुळात डेटासाठी केलेली आहे. जुन्या पद्धतीचा आवाजाचा कॉल त्यावर चालत नाही. त्यावर आवाज न्यायचा तर तो डेटासारखाच तुकडे करून न्यावा लागतो, त्यालाच व्होल्टी म्हणतात. व्होल्टी चालू असेल तर आवाज आणि नेट दोन्ही ४जीवरून एकाच वेळी जातात. व्होल्टी नसेल तर कॉल आला किंवा लावला की फोन ४जी सोडून खाली उतरतो, कॉल संपला की परत वर चढतो. खाली ३जी असेल तर तिथेही आवाज आणि नेट एकत्र चालतं, जरा हळू. पण खाली २जीच असेल तर एका वेळी एकच: बोला, नाहीतर नेट वापरा.

आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "हाच फोन पाच-सहा वर्षांपूर्वी बोलताना नेट चालवायचा, आता बिघडला," असं म्हणत ते येतात. फोन बिघडलेला नसतो. तेव्हा तो कॉलसाठी ३जीवर उतरत होता. २०१९-२०च्या सुमारास एअरटेलने ३जी बंद केलं, पुढे व्होडाफोन-आयडियानेही बहुतेक ठिकाणी तेच केलं, त्या लहरी ४जीला दिल्या. मधली पायरी निघून गेली. आता पाय थेट २जीवर पडतो. फोन तोच, सिम तेच, बदललं ते खालचं नेटवर्क. जिओकडे पहिल्यापासून २जीही नाही आणि ३जीही नाही. सप्टेंबर २०१६मध्ये ते सुरू झालं तेच ४जीवर. म्हणून व्होल्टी नसलेल्या फोनवर जिओचा साधा कॉल लागतच नाही. तेव्हा जुन्या ४जी फोनवाल्यांना कॉलसाठी वेगळं ॲप घालून द्यावं लागायचं, ते अनेकांना आठवत असेल. त्यामुळे कुणी जिओचं सिम घेऊन "कॉल लागतो पण नेट जातं" म्हणालं, तर मी व्होल्टी शोधत बसत नाही, सरळ दुसऱ्या सिमकडे बघतो. त्याबद्दल पुढे येतोच.

तर पहिलं काम व्होल्टी. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क किंवा सिम कार्ड या भागात, त्या त्या सिमच्या आत, व्होल्टी, ४जी कॉलिंग किंवा एचडी कॉल अशा काहीतरी नावाचं बटण असतं. ते दोन्ही सिमसाठी वेगळं असतं, एकाला चालू करून दुसऱ्याचं राहून जातं. नेटवर्कचा प्रकार फक्त ३जी किंवा २जी असा कुणी करून ठेवला नाही ना, तेही तिथेच दिसतं. बॅटरी वाचते म्हणून मुलांनी २जी करून दिलेले आजोबांचे फोन मी पुष्कळ बघितले. बटण चालू असूनही कॉलला ई येत असेल तर फोन बंद-चालू करा, सॉफ्टवेअर अपडेट आहे का बघा, आणि मगच नेटवर्क सेटिंग रीसेट करा. रीसेटने सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते शेवटी.

बटणच दिसत नसेल तर दोन शक्यता. एक, सिम जुनं आहे. तालुक्यात अजून २जी-३जीच्या काळातली सिमं कात्रीने कापून बारीक करून वापरणारे लोक आहेत. तशा सिमवर ४जी उमटतच नाही. ते कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: सिम बदलल्यावर २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी तसा नियमच आहे. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआयची नवी नोंदणी नाही. पेट्या पाठवायच्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका.

दुसरी शक्यता, फोन बाहेरचा आहे. आपल्याकडे आखातातून, अमेरिकेतून, जहाजावरून आलेले फोन घरोघरी आहेत. त्या फोनला व्होल्टी येत असतं, पण आपल्याकडच्या सिमच्या कंपनीची माहिती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असावी लागते. ती नसेल तर फोन कितीही महागाचा असो, कॉलला २जी धरतो. कधी अपडेटने ती माहिती येते, कधी कधीच येत नाही.

काकांच्या फोनला आली. दुकानात बसून मोठं अपडेट उतरवलं, व्होल्टीचं बटण उगवलं, वायफाय बंद करून कॉल लावला, ४जी हललं नाही, फोटो गेला. काका खुश, मी खुश. आठवड्याने तिसऱ्यांदा आले. या वेळी तक्रार थोडी वेगळी होती, आणि तो फरक त्यांनी नीट सांगितला म्हणून मला वाट मिळाली: "आता पयल्यासारख्या नाय. बोलूक लागलंय की चलता, मगे मधीच जाता."

लगेच जातं आणि मध्येच जातं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कॉल लागताक्षणीच नेट गेलं तर व्होल्टी नाही. बोलणं सुरू होताना नेट होतं, चार पावलं चालल्यावर गेलं, तर व्होल्टी आहे, पण पायाखालचं ४जी संपलं. अशा वेळी कॉल तुटू नये म्हणून नेटवर्क चालू बोलणंच उचलून २जीवर ठेवतं. बोलणाऱ्याला काही कळत नाही, आवाज चालू असतो, फक्त नेट मरतं. ज्या कंपनीकडे २जी नाही, तिथे याच जागी कॉल कटतो. म्हणजे एकाचं "नेट जातं" आणि शेजाऱ्याचं "कॉल कट होतो" या तक्रारींचं मूळ एकच असू शकतं.

संध्याकाळी दुकान बंद करून काकांच्या घरी गेलो. आपल्याकडच्या गावांची ठेवण माहीत असेलच. टॉवर वर सड्यावर उभा, वाडी खाली उतारावर, मध्ये जांभ्याचा कडा आणि कलमांची बाग. रस्त्यावरून बघितलं तर टॉवर हाताशी वाटतो. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभा राहून कॉल लावला: ४जी, फोटो गेला. बोलत बोलत घराच्या मागे पॅकिंगच्या शेडमध्ये शिरलो. शेडला जांभ्याच्या चिऱ्यांच्या अर्ध्या भिंती, वर पत्रा, आत गवत पसरून ठेवलेला आंबा आणि अर्धवट भरलेली खोकी. दाराच्या चौकटीतून आत पाऊल टाकलं आणि ४जीच्या जागी ई आलं. मागे सरकलो तरी बोलणं संपेपर्यंत ते ई तसंच राहिलं. काकांची सून ऑर्डर घेते, ती दिवसभर या शेडमध्येच असते.

मग मी या सुनेचा, म्हणजे वहिनींचा, फोन मागितला. कणकवलीत घेतलेला साधा, स्वस्तातला फोन, सिमची कंपनी तीच. शेडमध्ये त्याच जागी त्यावर ४जी होतं. दोन काड्या, पण ४जी.

इथून बँडची गोष्ट सुरू होते. ४जी म्हणजे एकच लहर नव्हे. भारतात ते बऱ्याच फ्रिक्वेन्सींवर चालतं आणि प्रत्येकीला बँडचा नंबर आहे. ८५० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड ५, ९०० म्हणजे बँड ८, १८०० म्हणजे बँड ३, २१०० म्हणजे बँड १, २३०० म्हणजे बँड ४०, २५०० म्हणजे बँड ४१, आणि ७०० म्हणजे बँड २८. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३००वर. एअरटेलचं मुख्यतः ९००, १८००, २१०० आणि २३००वर. व्होडाफोन-आयडियाचं ९००, १८००, २१०० आणि २५००वर. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१००वर. प्रत्येक टॉवरवर यातलं सगळं असतंच असं नाही.

मेगाहर्ट्झचा आकडा लहान तितकी लहर लांब, आणि लांब लहर दूर जाते, भिंतीतून शिरते, कड्याला वळसा घालून थोडी खाली उतरते. ८५०ची लहर साधारण ३५ सेंटीमीटरची, २३००ची १३ सेंटीमीटरची. बाजारपेठेत टॉवर जवळ असल्यामुळे कुठलाही बँड पुरतो. सड्याखालच्या वाडीत, चिऱ्याच्या भिंतीआड, जे काही पोचतं ते बहुधा ७००, ८५० किंवा ९००वरून. आणि पत्रा तर कुठलीच लहर आत सोडत नाही. जी येते ती दारातून आणि भिंतीच्या वरच्या मोकळ्या भागातून.

काकांच्या फोनचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या माहितीत शोधलं. ४जीसाठी बँड ३ होता, १ होता. ८ नव्हता, ५ही नव्हता. त्यांच्या सिमची कंपनी त्या टॉवरवरून दूरवर ९००च पाठवत होती. म्हणजे फोन खळ्यात १८००चा धागा पकडून उभा होता आणि शेडमध्ये तो तुटल्यावर ९००चं ४जी समोर असूनही त्याला ते दिसत नव्हतं. २जी मात्र ९००वर दिसत होतं, म्हणून काड्या भरलेल्या! काका म्हणत होते "रेंज फुल आहे" आणि ते खोटं नव्हतं. ती २जीची रेंज होती.

म्हणून फोन घेताना कॅमेरा बघा, पण त्याआधी बँड बघा. कोकणात गावी वापरायचा फोन असेल तर ४जीमध्ये ५ आणि ८ हवेतच. बीएसएनएल वापरत असाल किंवा पुढे वापरायचा विचार असेल तर २८ही हवा, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनमध्ये नेमका तोच बरेचदा नसतो. नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर बघा. एकाच नावाचा फोन देशागणिक वेगळा असतो. आयफोन ६चंच घ्या: अमेरिकेत विकला गेलेला ए१५४९ आणि दुसरा ए१५८६ दिसायला जुळे भाऊ, पण पहिल्यात बँड ४० नाही, दुसऱ्यात आहे. मॉडेल नंबर सेटिंगमध्ये फोनविषयीच्या पानावर असतो, खोक्यावरही असतो.

काड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइडमध्ये त्याच फोनविषयीच्या पानावर सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हासह. उणे ८०-९० म्हणजे उत्तम, उणे १०० चालून जातं, उणे ११०च्या पलीकडे बोलता बोलता घसरण्याची भीती, उणे १२० म्हणजे काठावर. नेटमॉन्स्टरसारखं ॲप घातलं तर फोनने कुठला बँड धरलाय तेही दिसतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की आतली माहिती उघडते. काकांच्या घरी मी हे आकडे कागदावर लिहीत गेलो: खळं, पडवी, माजघर, शेडचं दार, शेडचा मागचा कोपरा. घरातल्या घरात वीस-पंचवीसचा फरक पडतो. कुणाला फोन करायला कुठे उभं राहायचं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तेच आकड्यात दिसतं.

कमी मेगाहर्ट्झच्या बँडला एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. तो दूर जातो, पण त्याची रुंदी कमी असते. गणपतीत चाकरमानी आले, मे महिन्यात कुणकेश्वरला गर्दी झाली की सगळ्या वाड्यांतले फोन त्याच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. तेव्हा बोलताना ४जी टिकतं, नेट जात नाही, पण सरकतही नाही. त्यावर फोनमध्ये उपाय नाही. फोटो लहान करून पाठवा, व्हिडिओ रात्री पाठवा. चाकरमान्यांसाठी आणखी एक: मुंबई हे मोबाइल सेवेचं वेगळं सर्कल, म्हणजे विभाग आहे; रायगडचा बहुतेक भाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. स्पेक्ट्रम, म्हणजे या लहरी वापरायचा हक्क, सर्कलनुसार विकला जातो, त्यामुळे एकाच कंपनीचे बँड इथे आणि तिथे सारखे असतीलच असं नाही. मुंबईत फोन उत्तम चालतो म्हणून गावीही चालेल, हे गृहीत धरू नका. आणि गावी आल्यावर नेट अजिबातच येत नसेल तर डेटा रोमिंग चालू आहे ना बघा.

आता दुसऱ्या सिमचं. नेट एका सिमवर आणि फोन दुसऱ्या सिमवर आला, की नेट जातं, ही तक्रार वेगळी ओळखायला सोपी आहे: त्याच सिमवर बोललं तर नेट चालतं. बहुतेक फोनमध्ये दोन सिमं असली तरी रेडिओ एकच असतो. एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसरं सिम तेवढा वेळ गप्प बसतं. त्यावर सेटिंग आहे: कॉल चालू असताना डेटा त्या सिमवर वळवायचा. आयफोनमध्ये सेल्युलर डेटाच्या आत डेटा स्विचिंगला परवानगी देणारं बटण असतं, अँड्रॉइडमध्ये ऑटो डेटा स्विचिंग, स्मार्ट डेटा, कॉलदरम्यान डेटा अशी नावं कंपनीगणिक बदलतात. पण ते चालू करूनही नेट मिळालं नाही तर घाबरू नका, दुसऱ्या सिमचा रिचार्ज बघा. आपल्याकडे दुसरं सिम नुसतं चालू राहावं म्हणून लहानात लहान रिचार्जवर ठेवतात, त्यात डेटा नसतो. डेटा वळून तिकडे गेला आणि तिकडे पॅकच नाही, मग काय चालणार! त्या सिमलाही व्होल्टी हवं, हे ओघाने आलंच. नव्या महागड्या फोनमधले काही दोन्ही सिमं खरोखर एकत्र चालवतात. २०१६-१७च्या आसपासच्या बऱ्याच फोनमध्ये उलट, दुसऱ्या खाचेत ४जीच मिळत नाही, तिथे सिमांची अदलाबदल करून बघा.

५जीवाल्यांनी बोलताना ५जीचं ४जी झालं म्हणून काळजी करू नये. पुष्कळ ठिकाणी कॉल ४जीवरूनच जातो, आणि नेट त्यावर चालू राहतं.

घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग हा सगळ्यांत सुटसुटीत मार्ग. एअरटेल आणि जिओ दोघांनीही २०१९ अखेर ते २०२०च्या सुरुवातीला तो आणला. सिमच्या सेटिंगमध्येच बटण असतं. मग कॉल आणि नेट दोन्ही वायफायवरून, भिंत कितीही जाड असो. अट एकच, राउटरला वीज हवी. पावसात लाईट गेली की तो मार्गही जातो, म्हणून राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावा. आणि दुकानाच्या काउंटरवर पैसे आल्याचं सांगणारा साउंडबॉक्स असेल तर त्यात स्वतःचं सिम असतं. तुम्ही फोनवर बोलत असलात तरी तो बोलतो. ज्यांना फक्त पैसे आले का एवढंच कळायला हवं, त्यांनी फोनशी झगडण्यापेक्षा तो घ्यावा.

काकांच्या घरी ब्रॉडबँड नव्हतं. तिथे आम्ही केलं ते असं. ऑर्डर ज्या नंबरवर येतात ते सिम काकांच्या फोनमधून काढून वहिनींच्या फोनमध्ये घातलं. यूपीआय ॲप त्या फोनवर नव्याने नोंदवावं लागलं, कारण ते सिम ज्या फोनमध्ये आहे तिथूनच एसएमएस पाठवून खात्री करतं. वहिनींच्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि काकांचा महागडा फोन त्यावर जोडला. फोटो त्याच्या कॅमेऱ्याने, बोलणं आणि पैसे वहिनींच्या फोनवर. पॅकिंगचं टेबल शेडच्या मागच्या भिंतीकडून दाराजवळ आणलं. कागदावरचे आकडे बघून जागा ठरवली: दाराशी उणे १०४, मागच्या कोपऱ्यात उणे ११७. मग पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून खोक्यावर ठेवला, बोलता बोलता क्यूआर पाठवला, आणि पलीकडून "पाठवले हो" असं ऐकू येईपर्यंत स्क्रीनवर पैसे जमा झाल्याचं आलेलं होतं. वर ४जी होतं.

मागच्या कोपऱ्यात अजून अडतं. शिवाय हे आकडे उन्हाळ्यातले आहेत. जांभा सच्छिद्र दगड, पावसात पाणी धरून ठेवतो, बागेचा पाला ओला होतो, आणि दोन्हींतून लहर आणखी क्षीण होऊन येते. काकांची आमरसाच्या डब्यांची आणि कोकमाची विक्री पावसातही चालू असते. म्हणून मृगाचा पाऊस लागल्यावर तोच कागद घेऊन पुन्हा जायचं ठरलं आहे. तुमच्याकडे असाच प्रश्न असेल आणि विचारायचा असेल, तर फोनचा मॉडेल नंबर, सिमची कंपनी, नेट लगेच जातं की मध्येच, आणि त्या वेळी वर कुठलं अक्षर येतं, एवढं लिहा.